घरोघरची घड्याळं

तिसरीच्या वर्गाला घड्याळ शिकवायचा आठवडा आला की मी पर्समध्ये खडीसाखर ठेवते. बाकीचं गणित दाखवता येतं. चिंचोके मोजता येतात, फूटपट्टी लावता येते, पाण्याची बाटली ओतून लिटर दाखवता येतो. वेळ मात्र हातात धरून दाखवता येत नाही. ती नुसती जात असते, आणि ती कुठे जाते आहे याची समोर बसलेल्या मुलांना काडीचीही फिकीर नसते. पुस्तकात या धड्याला ‘कालमापन’ असं भारदस्त नाव आहे. ते वाचून मुलं क्षणभर गंभीर होतात आणि मग एकमेकांच्या पेन्सिली पळवायला लागतात.

आमची शाळा कात्रजच्या बाजूला, मराठी माध्यमाची, दुपारची. साडेबाराला प्रार्थना, साडेपाचला सुट्टी. आसपासची गावं शहरात आली तशी तिथल्या शेतकऱ्यांनी आपापल्या जागेवर तीन-तीन मजले चढवले आणि एकेक खोली भाड्याने दिली. आमची बरीचशी मुलं त्या खोल्यांतून येतात, काही त्या घरमालकांचीच असतात. घरमालकांची मुलं ‘हाय’ आणि ‘न्हाय’ म्हणतात, वाशीम-अकोल्याकडची ‘मले’ आणि ‘तुले’ म्हणतात, आणि मी या सगळ्यांना प्रमाण मराठी शिकवते असा सरकारचा समज आहे. प्रत्यक्षात दिवाळीपर्यंत मीच घरी जाऊन नवऱ्याला ‘काय करून राहिले?’ असं विचारू लागते.

काट्यांचं घड्याळ शिकायचंच कशाला, हा प्रश्न आता दरवर्षी येतो. त्या वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलाने विचारला, फोनवर आकडे असतात की मॅडम. मी त्याला विचारलं, तुमच्या घरातला फोन कुणाकडे असतो. पप्पांकडे, तो म्हणाला. पप्पा दिवसभर कुठे असतात? कामावर. मग घरी तुला वेळ कोण सांगणार, मांजर? वर्ग हसला, तोही हसला, आणि कालमापनाला सुरुवात झाली.

आपल्या भाषेतल्या वेळा म्हणजे लहान मुलांसाठी लावलेला सापळाच आहे. साडेतीन आहेत, साडेचार आहेत, मग साडेएक का नाहीत? दीड का? साडेदोनला अडीच म्हणायचं हे कुणी ठरवलं? मला माहीत नाही, तशी पद्धत आहे, असं मी सांगते, आणि मुलं माझ्याकडे शिक्षकाची अब्रू गेल्यासारखं बघतात. त्यानंतर येतात पावणेपाच. पाच अजून वाजलेलेच नाहीत, तर त्यांचं नाव आत्तापासून का घ्यायचं, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. मी पोळीचा चौथा भाग, अर्धा भाग, पाऊण भाग फळ्यावर काढते. पोळी बघून मुलांना भूक लागते.

एक खेळ मात्र त्यांना मनापासून आवडतो. सगळ्यांनी डोळे मिटायचे, आणि एक मिनिट झालं असं वाटलं की हात वर करायचा. मी टाळी वाजवते आणि वर्गात अशी शांतता पसरते की बाहेरच्या रस्त्यावरचा रिव्हर्स घेणारा टेम्पोही ऐकू येतो. अर्धं मिनिटही होत नाही तोवर निम्मे हात वर गेलेले असतात. मिनिट इतकं मोठं असतं हे कळल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मलाही त्या शांततेत बरं वाटतं, म्हणून मी तो खेळ गरजेपेक्षा जास्त वेळा घेते.

त्या वर्षीच्या वर्गात वाशीमकडची एक मुलगी होती. आदल्या वर्षी आईवडिलांबरोबर पुण्यात आली होती. तोंडाने चुरूचुरू, हिशेबाला तल्लख, पण घड्याळासमोर उभी केली की तिची बोलती बंद व्हायची. लहान काटा आणि मोठा काटा यांचं तिच्या डोक्यात भांडण लागायचं. सव्वातीन दाखवले की ती तीन वाजून तीन मिनिटं म्हणायची. हे तसं सगळ्यांचंच होतं, आठ-पंधरा दिवसांत सुटतं, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

एका संध्याकाळी शाळा सुटताना तिची आई फाटकात उभी होती. बारीक अंगाची, खांद्याला पिशवी, बोलताना आवाज खाली. ती तोवर जवळपासच्या दोन फ्लॅटमध्ये पोळ्या करत होती आणि अकरापर्यंत घरी येऊन मुलीला शाळेत पाठवत होती. आता खराडीला एका मोठ्या कंपनीच्या कँटीनमध्ये तिला कायमचं काम मिळत होतं. पगार बरा, सुट्ट्या ठरलेल्या. पण सकाळी सातच्या आत घर सोडायचं, स्वारगेटला बस बदलायची, आणि परत यायला संध्याकाळचे साडेसहा. नवरा ट्रकवर, आज इथे तर उद्या इंदूरला. म्हणजे मुलीने सकाळी एकटीने उठायचं, आवरायचं, जेवायचं, कुलूप लावायचं आणि वेळेवर शाळेत यायचं. खाली घरमालकीण होती, ती लक्ष ठेवायला तयार होती, पण तिच्या घरी म्हशी, सुना, पाहुणेरावळे. ती वेळेची आठवण कुठवर करणार?

बाईने दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. तोवर मुलगी एकटीने वेळेवर निघायला शिकली तर ठीक, नाहीतर तिला गावी आजीपाशी ठेवायचं, तिथल्या शाळेत घालायचं.

“तिले घड्याळ समजत नाही, मॅडम,” ती म्हणाली. “समजलं असतं तर मी कशाले गावाले पाठवली असती?”

मुलगी आईच्या पिशवीचा बंद धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. तिला गावी जायचं नव्हतं हे कुणी सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, दिवाळीला अजून दीड महिना आहे, तोवर तुमची मुलगी घड्याळ वाचेल, हा माझा शब्द. बोलून गेले आणि बसस्टॉपवर उभी राहिल्यावर मला धडकी भरली. शब्द द्यायला माझ्या बापाचं काय जात होतं? जाणार होती ती मुलगी.

दुसऱ्या दिवसापासून खिचडी खाऊन झाली की मी तिला माझ्या टेबलापाशी घ्यायला लागले. माझी एक जुनी युक्ती आहे. पुठ्ठ्याच्या घड्याळाचा मोठा काटा मी काढूनच टाकते. नुसता लहान काटा ठेवते. लहान काट्याला घाई नसते, तो कुणालाही गोंधळात टाकत नाही. तो बाराच्या अलीकडे आहे, बारावर आहे, बाराच्या जरा पुढे सरकलाय, एवढंच आधी बघायचं. नव्वद टक्के वेळ तोच सांगतो. मोठा काटा नुसता तपशील भरतो, घरातल्या धाकट्या भावासारखा, आवाज मोठा आणि काम थोडं.

मग मी तिला तिची सकाळ विचारली. ती घड्याळाकडे न बघता आवाजांवर दिवस काढत होती. मालकीणबाईंच्या देवघरातली घंटा वाजली की उठायचं. इंग्रजी शाळेची पिवळी बस कोपऱ्यावर हॉर्न देऊन गेली की आंघोळ. भंगारवाल्याची रेकॉर्ड ऐकू आली की भात गरम करायचा. एरवी हे सगळं बरोबर जमत होतं. पण मालकीणबाई परगावी गेल्या, बसला सुट्टी असली, भंगारवाला आलाच नाही, की सगळा दिवस ढासळायचा. मी तिचा एकेक आवाज घेतला आणि पुठ्ठ्यावर लहान काट्यासमोर मांडला. इथे घंटा. इथे बस. इथे भंगारवाला. तिचे डोळे चमकले. ही सगळी ओळखीची मंडळी एका गोलात बसलेली तिने पहिल्यांदाच बघितली होती.

त्यानंतर मी मोठा काटा लावला. आणखी आठवडा गेला. एके दिवशी मी फळ्यावर गुणाकार मांडत असताना मागून तिचा आवाज आला, “मॅडम, पावणेतीन झाले, तुम्ही आजून खिचडीले सोडलं नाही.” मी वर्गातल्या घड्याळाकडे बघितलं. पावणेतीन झाले होते. मी तिला वर्गात मध्येच बोलल्याबद्दल रागवायला हवं होतं, आणि मी तिला पर्समधल्या खडीसाखरेचा सगळ्यात मोठा खडा दिला.

आता मला जोर चढला. मी सगळ्या वर्गाला घरचा अभ्यास दिला. उद्या सकाळी नळाला पाणी येईल तेव्हा घरातल्या घड्याळात किती वाजलेत ते बघून यायचं आणि वर्गात सांगायचं. बहुतेक मुलं दोन-तीन गल्ल्यांतली. पाणी सगळीकडे एकदमच येतं, तेव्हा उत्तर एकच यायला हवं, असा माझा सरळ हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात जी भांडणं लागली ती मी जन्मात विसरणार नाही. एक म्हणे सात वाजता आलं. दुसरा म्हणे सातला दहा कमी होते. एका घरमालकाच्या मुलाने छातीवर हात ठेवून सांगितलं की त्यांच्याकडे सव्वासातला आलं आणि त्यांचा नळ सगळ्यात मोठा हाय. एकाच जिन्यातल्या दोन मैत्रिणी पंधरा मिनिटांच्या फरकावरून रडकुंडीला आल्या. माझं डोकं तापलं. इतके दिवस घसा फोडला तो पालथ्या घड्यावर पाणीच की, असं मी चढ्या आवाजात बोलूनही दाखवलं. मग त्या दोघींतली एक हुंदके देत म्हणाली, “पण मॅडम, आमचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं.”

आमचंही, दुसरी म्हणाली. आमचं पंचवीस. आमचं पप्पांनी अर्धा तास केलंय, कारण मम्मी आवरत नाही. हळूहळू सगळा वर्ग बोलायला लागला आणि मी खुर्चीत बसले. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, तशी घरोघरी पुढे केलेली घड्याळं. मला हे सुचलं नाही याचंच नवल, कारण माझ्या घरी काय वेगळं आहे? हॉलमधलं घड्याळ नवऱ्याने दहा मिनिटं पुढे ठेवलंय. स्वयंपाकघरातलं मी पाच मिनिटं पुढे ठेवलंय. ते पुढे आहे हे दोघांनाही पाठ, त्यामुळे दोघंही तेवढी मिनिटं मनातल्या मनात वजा करतो आणि निवांत दुसरा चहा घेतो. वीस-बावीस वर्षं आम्ही एकमेकांना न फसवता स्वतःलाच फसवतो आहोत, आणि उशीर व्हायचा तो होतोच.

त्या गोंधळात एकाच मुलीचं उत्तर मिनिटाला मिनिट बरोबर होतं. माझ्या वाशीमकरणीचं. पाणी पावणेसातला आलं, ती म्हणाली, आणि माझं घर सहकारनगरात असलं तरी मलाही शाळेच्या शिपायाकडून तीच वेळ कळली होती, कारण तो त्याच गल्लीत राहतो आणि फोन बघून पाणी भरतो. चला, या गल्लीत एक तरी घर सरळ आहे, असं मी मनाशी म्हटलं.

शनिवारी पालकसभा होती. मी पालकांना हात जोडून विनंती केली की मुलं घड्याळ शिकताहेत, तर कृपा करून निदान दिवाळीपर्यंत घरातली घड्याळं बरोबर लावा. फोन समोर धरा आणि काटे जुळवा. सभेत कुजबुज झाली. एक गृहस्थ उठून म्हणाले की घड्याळ बरोबर लावलं तर त्यांना कामावर उशीर होईल. मी विचारलं, आत्ता होत नाही का? होतो, ते म्हणाले, पण आत्ता थोडा होतो. मी नमस्कार करून सभा आटोपती घेतली. वाशीमची आई शेवटच्या बाकावर होती. जाताना ती एवढंच म्हणाली की सोमवारपासून ती कँटीनला जाऊन बघणार आहे, आणि मुलीला एकटीने यायला सांगणार आहे. कामावरच्या माणसाने दिवाळीआधीच बोलावलं होतं. जे व्हायचं ते सोमवारीच कळेल.

सोमवारी मी सव्वाबारालाच फाटकात जाऊन उभी राहिले. मुलं आली, एकटीदुकटी आली, घोळक्याने आली. ती आली नाही. प्रार्थना झाली, हजेरी झाली. मी तिचं नाव पुकारलं आणि थोडी थांबून पुढचं नाव घेतलं. तिच्या घरून शाळेत यायला पंचवीस मिनिटं पुरतात. माझा पहिला गुणाकार फळ्यावर मांडून झाला तेव्हा ती दारात उभी राहिली, घामाघूम, वेणीची एक रिबन सुटलेली. मला उशीर झाला का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने वर्गातल्या घड्याळाकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा पडला की मला पुढे काही विचारवेना. ती जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच तिची आई मुलीला घेऊन वर्गात आली. नवीन कामावर दुसऱ्याच दिवशी अर्धी सुट्टी टाकून आली होती. आदल्या संध्याकाळी मालकीणबाईंनी तिला सांगितलं होतं, पोरगी बराच उशिरा निघाली, मी हाक मारणार तर पाव्हणे आले. बाई माझ्या टेबलाशी उभी राहिली.

“मॅडम, दाखला काढून द्या,” ती म्हणाली. “पोरीच्यानं होत नाही.”

मला राग आला, कुणाचा ते आजही सांगता यायचं नाही. दिलेला शब्द डोळ्यांसमोर मोडत होता. मी मुलीला जवळ बोलावलं आणि विचारलं की काल घर सोडलंस तेव्हा घड्याळात किती वाजले होते. ती खाली बघत म्हणाली, बारा वीस. आईने कपाळावर हात मारला. बाराला निघायचं असं तिला दहादा बजावलं होतं.

“बाराच वाजले होते,” मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पक्का होता. “आपलं घड्याळ वीस मिनिटं पुढं राहते ना, आई.”

आई तिच्याकडे वळली. मग सावकाश म्हणाली, “ते तर मी काल पहाटे बरोबर केलं. मॅडमनं सांगितलं होतं.”

“मले कुठं सांगितलं?”

मी टेबलाच्या खणातून पुठ्ठ्याचं घड्याळ काढलं आणि मुलीला म्हटलं, कसं केलंस ते दाखव. तिने काटे बारा वीसवर लावले. मग मोठ्या काट्यावर बोट ठेवून चारवरून एकेक घर मागे नेलं, तीन, दोन, एक, बारा. वीस मिनिटांना चार घरं, ती म्हणाली. मी हे तिला शिकवलं नव्हतं. वडील घरी असताना रोज म्हणायचे की हे घड्याळ वीस मिनिटं पुढं आहे, आणि काटे वाचता यायला लागले त्या दिवसापासून ती आपली आपण चार घरं मागे जात होती. नळाचं पाणीही तिने तसंच मोजलं होतं. आईला वाटलं मुलगी घड्याळात दिसेल तेच वाचणार, म्हणून तिने घड्याळ खरं केलं. मुलीला वाटलं घरातलं घड्याळ कधी खरं नसतंच, म्हणून तिने ते वजा केलं. दोघींनी एकमेकींचा विचार केला आणि मुलगी उशिरा पोचली.

मला हसू फुटलं ते आवरेना. “हिला घड्याळ येत नाही म्हणून दाखला नेताय ना?” मी आईला म्हटलं. “हिला घड्याळ येतं, आणि वर वजाबाकीही येते. दुसरं काही कारण असेल तर सांगा.”

बाई हसली नाही. लहान मुलांच्या त्या बुटक्या बाकावर बसली, आणि तिने पदर तोंडाला लावला. मुलगी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग आईने तिची सैल झालेली रिबन पुन्हा बांधली, घट्ट दोन गाठी मारून, आणि म्हणाली की दाखल्याचं दिवाळीनंतर बघू. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की शिपायाने घंटा दिली तरी मी जागची हलले नाही.

त्यानंतर सहामाही परीक्षेपर्यंत ती रोज वेळेवर आली. दिवाळीच्या सुट्टीत दोघी गावी गेल्या. आमच्याकडची काही मुलं दिवाळीला गावी जातात ती परत येतच नाहीत. कुणी कळवत नाही, नुसती एक जागा रिकामी राहते आणि महिन्याभराने दाखल्यासाठी कुणी काका येतो. शाळा उघडली त्या दिवशी तिची जागा रिकामी होती. दुसऱ्या दिवशीही. मी कुणाला काही विचारलं नाही, पण दोन्ही दिवस माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं आणि मुलांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेला ती रांगेत उभी होती, केसांना भरपूर तेल, हातात माझ्यासाठी आजीने दिलेल्या शेवेची पुडी. गाडीचं रिझर्वेशन मिळालं नव्हतं, एवढंच कारण होतं. मी तिला म्हटलं, सांगायचं तरी. कुणाले सांगू, तुमचा नंबर कुठाय आमच्यापाशी, ती म्हणाली, आणि तेही बरोबरच होतं.

पुढे हिवाळ्यात एकदा शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. शिष्यवृत्तीच्या अर्जावर आईची सही हवी होती, आणि खरं सांगायचं तर मला ते घर बघायचं होतं. मालकीणबाईंनी खालूनच आवाज दिला, “या बाई, च्या घेऊन जा. पोरगी लई गुणाची हाय.” चहा घेऊन आम्ही वर गेलो. एक खोली, कोपऱ्यात ओटा, भिंतीवर घड्याळ. मुलीने आल्या आल्या दिवा लावला, कुकरमधला भात बघितला, दप्तर खुंटीला टांगलं. आई साडेसहाला येते, असं तिने मला सांगितलं आणि ती अभ्यासाला बसली. बाहेर अंधार पडत होता. जिन्यात पाय वाजले की तिची पेन्सिल थांबायची, पाय पुढे गेले की पुन्हा चालू व्हायची.

माझं सहज भिंतीकडे लक्ष गेलं. घड्याळ चक्क पंधरा मिनिटं मागे होतं. पुढे केलेली घड्याळं मी जन्मभर बघत आले, पण मागे पडलेलं घड्याळ म्हणजे सेल संपत आलेला. उद्या ही पोरगी पुन्हा उशिरा येणार, या धास्तीने मी खुर्चीवर चढून घड्याळ उतरवायला लागले. ती धावत आली आणि तिने माझा हात धरला. सेल नवा आहे, म्हणाली. तिनेच मागे केलंय, आई आपली वेळ फोनवर बघते. सकाळी ती पंधरा मिनिटं मिळवते आणि वेळेवर निघते, एकदा तरी उशीर झाला का, तुम्हीच सांगा. झाला नव्हता. मग मागे कशाला ठेवायचं, मी विचारलं.

“मागं ठेवलं की आई साडेसहाच्या आधीच येते,” ती म्हणाली.

मी खुर्चीवरून उतरले. कालमापन शिकवणारी बाई म्हणून मी तिला सांगायला हवं होतं की घड्याळ मागे केल्याने वाट बघणं कमी होत नाही. पण चार घरं मागे मोजणाऱ्या मुलीला ते माहीत नसेल असं मला वाटलं नाही. आम्ही मोठी माणसं उशीर होईल या भीतीने काटे पुढे ढकलतो. हिने आई लवकर यावी म्हणून मागे घेतले होते. मी उगाच शिष्यवृत्तीचा अर्ज उलगडून पुन्हा घडी घालत बसले.

आई आली तेव्हा तिच्या कपड्यांना कँटीनच्या फोडणीचा वास येत होता आणि ती दमलेली होती. स्वारगेटला बस मिळत नव्हती, असं ती सांगायला लागली. माझ्या मनगटावर पावणेसात व्हायला आले होते. मुलीने उठून भिंतीकडे बघितलं, बोट दाखवलं आणि मला म्हणाली, “बघा मॅडम, आजपण आधीच आली.” आईने बसचं बोलणं तिथेच सोडलं, पिशवी खाली ठेवली आणि घड्याळाकडे बघून म्हणाली, “हो वं, आज लवकर सुटली मी.” मी पदर सावरल्यासारखं केलं आणि मनगट त्याखाली घेतलं.